तबल्याला हात कधी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी टाळतेच. नवीन बॅच सुरू होऊन महिना उलटला की कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, तबल्याला हात कधी लावणार?" कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर, कुणी दारात चपला घालता घालता. एका आईनं तर लोकलच्या लेडीज डब्यात गाठलं आणि मुंब्र्यापासून डोंबिवलीपर्यंत सोडलं नाही. माझ्याकडची मुलं पहिले दोन-अडीच महिने बहुतेक वेळ हातावर ताल धरून बोल, म्हणजे तबल्यावर निघणारी अक्षरं, तोंडानं म्हणतात. घरी आजोबांना 'धा धिं धिं धा' ऐकवतात आणि आजोबा म्हणतात, छान, पण वाजवणार कधी? सगळं माझ्या कानावर येतं. "ही काय फक्त बोलायची फी घेते का", हेसुद्धा.

आधी शिकवण्याच्या बाजूचं सांगते, ते सोपं आहे. नवीन मूल तबल्यावर अडखळलं की चूक नेमकी कुठे आहे ते कळत नाही. बोल विसरला, की बोल आठवतोय पण बोट जागेवर पडत नाही? दोन्हीचा आवाज सारखाच वाईट येतो. तेच मूल तोंडानं स्वच्छ म्हणत असेल तर दुखणं हातात आहे, मी हात बघते. तोंडातच धडपडत असेल तर हात कितीही घासून घेतला तरी उपयोग नसतो.

साधा तीनताल घ्या. सोळा मात्रा, म्हणजे सोळा ठोके, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला 'खाली', म्हणजे टाळी न देता हात उलटा. हात उलटा करून खाली दाखवायची त्या क्षणी तोंडात बोल असतो 'धा', म्हणजे डग्ग्यासकट (जोडीतला डाव्या हाताचा, घुमणारा), भरलेला. डग्गा गप्प होतो तो दहाव्या मात्रेच्या 'तिं'ला आणि पुन्हा बोलतो चौदाव्या मात्रेच्या 'धिं'ला. तेराव्याला टाळी पडते तेव्हाही तो बंदच असतो. मुलांची गल्लत होते ती इथेच. खाली आली की डग्गाही नवव्यालाच बंद करून मोकळी होतात. तोंडाला लागलेली ही सवय आठवड्याभरात जाते. हाताला लागली की महिने खाते, आणि तोवर पालक, मूल आणि मी, तिघेही वैतागलेले असतो.

पूर्वी मी हे असं सांगत नसे. पूर्वी माझ्याकडे मोठी उत्तरं होती. पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं, हा तबल्याचा पाया आहे. आपली विद्या मौखिक आहे. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेतही ताल हातावर म्हणायला लावतात. आणि सगळ्यात लाडकं उत्तर: बाळ आधी बोलायला शिकतं, लिहायला नंतर. हा दृष्टांत मी कित्येक पालकांच्या गळी उतरवला. मग आमच्या भाचीनं, पहिला शब्द बोलायच्या खूप आधी, स्टीलच्या वाटीवर चमचा आपटून घर डोक्यावर घेतलं आणि माझी पंचाईत झाली. मूल आधी आपटतं. बोलतं नंतर. तेव्हापासून तो दृष्टांत बंद.

आणि आता विषय निघालाच आहे तर पद्धतीचा उगमही सांगते. मी शिकवायला लागले तेव्हा माझ्याकडे तबल्याची एकच जोडी होती. वन रूम किचन, समोर सहा मुलं. एक वाजवणार, उरलेली पाच काय करणार? ती बोल म्हणायची. वरच्या मजल्यावरचे काका रात्रपाळी करून दुपारी झोपायचे, तेही कारण होतं. पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, हे आणखी एक कारण. नवीन मुलं शाईवर, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलावर, नखं मारतात, घामट तळहात ठेवून गप्पा मारतात, हातोडी दिसली की गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या विणीवर, हाणायच्या नादात पुडीवर हाणतात. पुडी बदलायचा खर्च फीमधून निघायचा नाही. थोडक्यात, पद्धत अडचणीतून आली आणि शास्त्र मी तिला नंतर चिकटवलं.

आता जोड्या भरपूर आहेत, काका निवृत्त झालेत, पद्धत तीच आहे. "बघा, म्हणजे नुसती सवय," असं तुम्ही म्हणाल. तसं नाही. मी स्वतः दादरला शिकायला जायचे तेव्हा सरांनी दिलेला कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, परतीच्या गाडीत बोटांच्या पेरांवर मोजत पुटपुटत यायचे. शेजारच्या बायकांना वाटायचं स्तोत्र म्हणतेय. घरी येऊन तबल्यावर बसलं की कायदा अर्धा हातात आलेला असायचा. हे काही मी रचून सांगत नाही. पण तेव्हा मला वाजवता येत होतं. ज्या मुलाच्या हातानं 'धा' कधी काढलेलाच नाही, त्याच्या डोक्यात बोल म्हणताना नेमकं काय वाजत असेल, ते मला ठाऊक नाही.

आमच्या क्लासच्या एका गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाबद्दल लिहायचं की नाही, यावर बरेच दिवस गेले. लिहिते.

बॅचमध्ये नऊ वर्षांची एक मुलगी होती. कान असा की मी बोल एकदा म्हणावा आणि तिनं तो माझ्या श्वासासकट परत द्यावा. कार्यक्रमात मी तिला एका मोठ्या मुलाबरोबर बसवलं. तो दिल्लीचा कायदा वाजवणार होता, 'धातिटधा तिटधाधा तिटधागे तूनाकेना', आणि प्रत्येक पलटा, म्हणजे त्याच बोलांची फिरवाफिरव, आधी ही म्हणणार, मग तो वाजवणार. तिनं सुंदर म्हटलं. दुपटीत गेली तरी एक अक्षर गिळलं नाही. टाळ्या पडल्या. मी विंगेत उभी राहून सुखावले होते.

तिचे वडील तिसऱ्या रांगेत होते. नाशिकहून तिच्या आजी-आजोबांना मुद्दाम आणलं होतं, आणि शेजारच्या खुर्चीवर नव्या गवसणीत नवी कोरी जोडी होती. ती त्यांनी मला न विचारता घेतली होती आणि लेक आज ती वाजवेल अशा समजुतीनं हॉलवर आणली होती.

नंतर वडा-चहाच्या टेबलापाशी ते मला म्हणाले, "मॅडम, हिला निवेदनाला घेतली होती का?"

आजूबाजूचे पालक हसले. मीही हसले. मग गंभीर होऊन माझं ठेवणीतलं काढलं. म्हटलं, अहो, झाकीर हुसेन जन्मले तेव्हा अल्लारखाँसाहेबांनी त्यांच्या कानात तबल्याचे बोल म्हटले होते. स्वतः झाकीरभाईंनी सांगितलेली गोष्ट आहे.

"हो ना," ते शांतपणे म्हणाले, "पण पुढे हातात तबलाही दिला असेल ना?"

यावर मला काहीच सुचलं नाही. आजही फारसं सुचत नाही. मग ते वाकले आणि लेकीला विचारलं, "पिल्लू, तूच सांग. तुला म्हणायचंय का वाजवायचंय?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग गवसणीकडे. "वाजवायचंय," म्हणाली. हळू आवाजात, पण टेबलाभोवती सगळ्यांना ऐकू गेलं.

नव्या जोडीसमोर उभं करून नऊ वर्षांच्या पोरीला विचारलं तर ती दुसरं काय सांगणार? हे मी त्या रात्री स्वतःला ऐकवलं आणि अजूनही ऐकवते. आणि ते अन्यायाचं होतंच, चारचौघांत, तिच्या आजीसमोर. बाहेर नेऊन विचारता आलं असतं. पण माझ्या धाकानं ती "म्हणायचंय" म्हणाली असती तर मला चाललं असतं का? चाललं असतं. मी ते उत्तर मोठ्या अभिमानानं पुढच्या पालकांना सांगितलं असतं.

पुढच्या महिन्यात ती स्टेशनपलीकडच्या क्लासला गेली. तिथले सर पहिल्या दिवशी तबला देतात. 'धागेनाती नाकधिंना', केहरवा, आणि महिन्याभरात मूल आरतीला साथ करायला लागतं. त्यांच्याबद्दल मी पूर्वी बरंच तोंडसुख घेतलंय. त्यांच्या बॅचेस भरलेल्या असतात, तो रागही त्यात होता. पण त्यांच्या मुलांचे हात सैल असतात, चुकायची भीती नसते, हे मला दिसतं. उलट माझी काही मुलं अशी निघाली आहेत की तोंड चौपटीत पळतंय आणि हात अजून बरोबरीच्या लयीत खुरडतोय. शिवाय तोंड सगळं शिकवत नाहीच. 'तिट' दिल्लीच्या बाजात, म्हणजे वाजवायच्या ढंगात, मधलं बोट आणि तर्जनी अशा सुट्या बोटांनी काढतात, पूरबकडे, म्हणजे लखनौ-बनारसच्या बाजूला, मधल्या बोटाबरोबर शेजारची बोटंही पडतात. म्हणताना दोन्ही 'तिट'च. कुठला 'तिट' ते हातच सांगतो.

त्यांच्याकडची मुलं मोठी होऊन माझ्याकडे येतात तेव्हा मात्र कायद्याचा पलटा तोंडी सांगितला की म्हणतात, ताई, लिहून द्या ना. तेव्हा मला बरं वाटतं. वाटू नये, पण वाटतं.

त्या मुलीला मी नंतर एका सोसायटीच्या गणपतीत ऐकलं. तीनताल वाजवत होती, लेहऱ्याला, म्हणजे तालाला धरून फिरणाऱ्या सुरावटीला, मोबाईल. मी तिच्याकडे न बघता फक्त खालीकडे कान लावून बसले. डग्गा दहाव्याला बंद झाला, चौदाव्याला उघडला. चोख. हे माझ्याकडे म्हणून आलं होतं, की त्या सरांकडे वाजवून आलं, की तिचा कानच तसा होता आणि आम्ही दोघंही निमित्त, हे कसं ठरवणार? वडिलांनी नमस्कार केला. मीही केला.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये माझी बाजू पुन्हा वर आली होती. व्हिडिओ कॉलच्या अ‍ॅपला डग्गा म्हणजे बाहेरचा गोंगाट वाटायचा, ते तो आवाज गिळून टाकायचं, आणि इकडच्या टाळीवर तिकडची टाळी कधीच पडायची नाही. मुलं एकेकटी बोल म्हणायची, तेवढं मात्र स्वच्छ पोचायचं. पण साथीच्या काळात चाललं म्हणून कायम चालावं, असं थोडंच आहे.

सध्या मी पहिल्या दिवसापासून शेवटची दहा मिनिटं तबला देते. दुरुस्ती नाही, नियम नाही, हवं ते वाजवा. त्या वेळात मी आत जाऊन चहा टाकते, कारण मला ते ऐकवत नाही. बाकीचा तास बोल. याचा फायदा होतोय असं छातीठोकपणे सांगता येत नाही. नवव्या मात्रेला डग्गा बंद करणारी मुलं पूर्वीइतकीच आहेत. रडत येणारी थोडी कमी झालीत, पण यंदाची बॅचच तशी असेल.

तुमच्या मुलाला पूर्ण तास तबलाच हवा असेल तर स्टेशनपलीकडच्या सरांचा नंबर माझ्याकडे आहे, मागा, देते. माझ्याकडे ठेवणार असाल तर दिवाळीपर्यंत जोडी घेऊ नका. घ्यायचीच असेल तर मला बरोबर न्या, आणि दुकानदार उचलायला सोपा म्हणून हलका डग्गा गळ्यात मारायला लागला तर नाही म्हणा.