लेबलातला १ कुठं गेला राजेहो

डेटा डीव्हीडी बर्न करताना लेबलात, म्हणजे कॉम्प्युटरात डिस्कचं जे नाव दिसते त्यात, 'लग्न समारंभ भाग १' टाका, दुसरीवर 'भाग २', मग कॉम्प्युटरात लावून पाहा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीवर 'लग्न समारंभ भाग' एवढंच दिसते, आकडा गायब. दारव्ह्यात आमच्या स्टुडिओवर परवा एक काकाजी अशाच दोन डिस्का घेऊन आले, दुसरीकडून बर्न केलेल्या, म्हणे भाऊ दोन्ही सेमच काहून दिल्या त्यानं? उघडून पाहिलं तर आतला माल वेगळाच होता.

गंमत अशी की डिस्कवर लेबल एकाच जागी नसते. डिस्कवर फाइली कशा मांडायच्या याचं १९८८ चं स्टँडर्ड आयएसओ ९६६०, त्यात लेबलाला ३२ बाइट दिलेत, तेही नियमानं फक्त कॅपिटल इंग्रजी अक्षरं, आकडे नि अंडरस्कोअर, म्हणजे मराठी गेली उडत. मग १९९५ ला मायक्रोसॉफ्टनं त्याला जोडून जोलिएट आणलं, त्यात देवनागरी चालते, पण जागा तीच ३२ बाइट आणि एका अक्षराला दोन बाइट लागतात, म्हणून उरले १६. डिस्कवर यूडीएफ (डीव्हीडीवर फाइली मांडायची आणखी एक पद्धत) नसली तर विंडोज हेच लेबल दाखवते. आता 'लग्न' आपल्याला दोन अक्षरं दिसते पण कॉम्प्युटर ल, ग, हलन्त, न असे चार मोजते, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, स्पेस वेगळी... असं करत 'भाग' नंतरच्या स्पेसवर १६ भरतात आणि १ बिचारा सतरावा.

कापणं ठीक आहे हो, जागाच नाही तर काय करतील, पण गुपचूप कापणं मला पटत नाही. सोळाव्यावर टायपिंग अडवा नाहीतर वॉर्निंग द्या, कारण एकदा डीव्हीडी-आर फायनलाइज झाली, म्हणजे लिहून बंद झाली, की लेबल बदलता येत नाही. इमजीबर्न हे बर्निंगचं सॉफ्टवेअर बरं, त्यात आयएसओ, जोलिएट, यूडीएफ तिघांच्या लेबलांचे डबे वेगळे असतात. यूडीएफमध्ये तर मराठीची ६३ अक्षरं मावतात, अख्खी पत्रिकाच लिहा.

आम्ही आकडा आधी टाकतो, '१ लग्न', '२ लग्न', विषय संपला. आता लोक पेनड्राइव्ह मागून राहिले, तर एक्सफॅटमध्ये (पेनड्राइव्ह फॉरमॅट करायची एक पद्धत) लेबल फक्त ११ अक्षरांचं. 'लग्न समारंभ' बरोब्बर ११ भरते, भागाला जागाच नाही.