दहावा प्रश्न

बाळ सहा आठवड्यांचं होतं तेव्हाची गोष्ट. तपासणीला गेलो, तर नर्सनं एक कागद पुढे केला. गेल्या सात दिवसांत मनाला कसं वाटलं, याचे १० प्रश्न. परक्या देशातली ती भाषा मला तुटकच यायची, म्हणून नवरा मध्ये बसून सांगत होता. 'रात्री छाती भरून येते,' मी म्हणाले. त्याचं त्यानं 'थकवा आहे' केलं. दहाव्या प्रश्नापाशी मात्र तो थबकला. मला न विचारताच 'कधीच नाही'वर खूण केली आणि कागद परत दिला.

तो प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. माझं उत्तर 'कधीच नाही' नव्हतं.

खूप नंतर तो म्हणाला, 'मला तो प्रश्न तोंडातून काढवेना.' मी त्याला दोष देत नाही. नवऱ्याला दुभाषी करणं हीच मुळात चूक. शिवाय त्यालाही कुणी काही विचारलं नव्हतं. बाळ झाल्यावर १० पैकी साधारण एका बापालाही नैराश्य येतं, हे मला किती उशिरा कळलं!

चार महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी गेले. तिथे फोनवर मराठी दुभाषी बाई होत्या. कागद तोच, बाळंतपणानंतरच्या नैराश्याची शक्यता पाहणारी, १९८७ साली प्रसिद्ध झालेली एडिंबरा प्रश्नावली. तिचा सहावा प्रश्न इंग्रजी वाक्प्रचारावर बेतलेला आहे, शब्दशः मराठीत आणला तर काहीच कळत नाही. बाईंनी विचारलं, 'सगळं अंगावर येतंय असं वाटतं का?' आणि मला रडू आवरेना. हेच तर मला कुणाला तरी सांगायचं होतं. दहावा प्रश्न त्यांनी सरळ, न अडखळता विचारला आणि गप्प राहिल्या. मी 'हो' म्हणाले. उपचार तिथून सुरू झाले.

आता मीही दुभाषी आहे. ही प्रश्नावली निदान करत नाही, ती फक्त चाळणी आहे. पण दहाव्याला 'कधीच नाही'खेरीज कोणतंही उत्तर आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी त्या बाईशी नीट बोलायलाच हवं. आणि बाई खरं बोलायला हवी असेल, तर आधी तिची भीती ओळखायला हवी: बाळ काढून घेतील का, व्हिसावर काही होईल का. म्हणून मी डॉक्टरांना विनंती करते, की इथे बोललेलं कुणाला कळेल, कुणाला नाही आणि जिवाला धोका असेल तर काय करावं लागेल, हे पहिला प्रश्न विचारण्याआधीच सांगा.

मैत्रिणींनो, भेटीची वेळ ठरवतानाच दुभाषी मागा. ऐनवेळी मिळेलच असं नाही.

अजूनही पुष्कळ नवरे म्हणतात, 'दुभाषी कशाला, मी सांगतो की.' अशा वेळी मी नर्सला सुचवते, की त्यांना थोडा वेळ बाहेर बसू द्या आणि बसतील तेव्हा त्यांच्याही हातात तोच कागद द्या, त्यांच्या भाषेतला.