बारा ग्रॅम उजेड

आमच्या घरी मसाले मोजायचा एक इलेक्ट्रॉनिक काटा आहे. मुलीला केकचा नाद लागला होता तेव्हा आणलेला. केक गेले, काटा राहिला. जूनच्या मध्यावर एका रविवारी मी त्यावर माझी नवी बॅटरी ठेवली. बारा ग्रॅम भरली. दहा रुपयांची दोन नाणी ठेवली तर पंधरा ग्रॅमच्या वर जातात. म्हणजे चाव्यांच्या जुडग्यात अडकवली काय नि नाही काय, खिशाला पत्ता लागणार नाही.

बॅटरी म्हणजे टॉर्च. हे सांगून ठेवलेलं बरं, कारण माझ्या मुलीच्या लेखी बॅटरी म्हणजे मोबाईलच्या कोपऱ्यातली टक्केवारी. आमच्या सातारकडच्या भाषेत आत घालतात ते सेल आणि हातात धरतात ती बॅटरी. ‘विजेरी’ हा शब्द मला शब्दकोड्यात आडवा-उभा खूपदा भेटला, पण “जरा विजेरी दे गं इकडे” म्हणणारा माणूस अजून भेटायचा आहे.

“मोबाईलला आहे की टॉर्च. याचं काय लोणचं घालायचंय?” बायको म्हणाली.

प्रश्न रास्त होता. मोबाईलमध्ये पाच हजार एमएएचचा सेल (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप), या चिमणीत एकशे तीसचा. तेव्हा वाद न घालता मी एक जुनी डायरी काढली आणि ठरवलं, चाळीस दिवस ही खिशात ठेवायची आणि जेव्हा जेव्हा लावीन तेव्हा लिहायचं. कशासाठी लावली, किती उजेडावर लावली, मोबाईलने भागलं असतं का. माणूस पन्नाशी ओलांडला की त्याला असले उद्योग सुचतात आणि घरचे ते खपवून घेतात.

डब्यावर मोठ्या अक्षरात १३० लुमेन लिहिलं होतं. लुमेन म्हणजे किती, याचा अंदाज मी असा बांधतो: मेणबत्ती साधारण बारा लुमेनची. जुना साठचा पिवळा बल्ब सातशेच्या आसपास. म्हणजे खिशात दहा-अकरा मेणबत्त्या आल्या. पहिल्या रात्री गॅलरीत जाऊन समोरच्या नारळावर झोत मारला. नारळ लख्ख उजळला, शेंड्यातला कावळा वैतागला, मी खूश. दीडेक मिनिटात मात्र झोत हळूच उतरला. धरलेलं टोक गरम झालं होतं. एवढ्याशा नळीत उष्णता जाणार कुठे, म्हणून आतलं सर्किट आपणच पाय मागे घेतं.

यात फसवाफसवी नाही, नियमातच तशी सोय आहे. टॉर्च मोजायची जी पद्धत जगभर चालते तिच्यात उजेड लावल्यानंतर तीस सेकंदांनी मोजायला सुरुवात करतात, आणि ‘किती वेळ चालते’ हे मोजतात तो उजेड मूळच्या एक दशांशावर येईपर्यंत. त्यामुळे ‘१३० लुमेन, १ तास’ हे डब्यावरचं वाक्य खरंच असतं, फक्त त्या तासातला बराचसा वेळ ती दहा-अकरा मेणबत्त्यांची नसून एक-दोन मेणबत्त्यांची असते. दिवाळसणाला आलेल्या जावयाच्या पहिल्या दिवसावरून त्याचा वर्षभराचा स्वभाव सांगावा तसं आहे हे.

डायरी भरू लागली तसं लक्षात आलं की झोताचं कौतुक पहिल्या आठवड्यापुरतंच होतं. चाळीस दिवसांत एकसष्ट नोंदी झाल्या. त्यांत सगळ्यात मोठा उजेड चार वेळा. त्यातही दोनदा निव्वळ मिरवायला. उरलेल्या सगळ्या कामांना एक लुमेन किंवा पंधरा लुमेन. कुलपाचं भोक. वॉशिंग मशीनच्या मागे गेलेला चष्म्याचा स्क्रू. गॅस सिलेंडरची तारीख, जी नेहमी भिंतीकडे तोंड करून असते. औषधाच्या पट्टीवरची एक्स्पायरी. पार्किंगमध्ये सीटखाली गडगडलेला लिंबू, जो आदल्या शनिवारपासून तिथेच होता.

मोठा उजेड दुप्पट वाटायला साधारण चौपट करावा लागतो, आपले डोळे तसे आहेत. पन्नास आणि शंभर लुमेनमधला फरक शेजारी शेजारी धरल्याशिवाय धड कळतही नाही. पण एक लुमेन आणि शून्य यातला फरक कुणालाही कळतो.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. रात्री दोनला तिला उठायचं असतं. ट्यूब लावली की ती डोळे घट्ट मिटून पलंगाच्या कडेला बसून राहते आणि तेवढ्यात माझीही झोप उडते. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि तो सराव एका भपक्यात धुऊन निघतो. एका लुमेनला फरशी दिसते, उंबरठा दिसतो, आईच्या चपला दिसतात, बास. तिसऱ्या रात्री आई म्हणाली, “हे बरंय. देवापुढच्या निरांजनाएवढं.” आकड्यात पाहिलं तर निरांजनाहूनही कमीच, पण मी काही बोललो नाही.

इथेच या बॅटरीचा एक दोष सांगतो. बटण दाबल्यावर पहिला उजेड कुठला लागतो हे मला दुकानात कुणी सांगितलं नाही आणि विचारायचं मलाही सुचलं नाही. ही शेवटचा उजेड लक्षात ठेवते. म्हणजे संध्याकाळी कावळ्याला छळून झोपलात तर रात्री दोनला आईच्या तोंडावर एकशे तीस. तसं एकदा झालं. त्यानंतर मी झोपण्यापूर्वी बॅटरी खालच्या उजेडावर आणून ठेवतो, दुधाचं पातेलं फ्रीजमध्ये गेलं का बघावं तसा.

मोबाईलचं म्हणाल तर एकसष्टपैकी बेचाळीस वेळा मोबाईलने भागलं असतं, हे डायरीत प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे आणि बायकोने ते पान दुमडून ठेवलं आहे. उरलेल्या एकोणीसमधल्या पाच वेळा मी मोबाईलवरच बोलत होतो. चारदा हात पिठाचे किंवा ओले होते. आणि दोनदा बॅटरी दातांत होती.

दातांत धरलेली बॅटरी, हा एक वेगळाच अनुभव आहे. आषाढात एका रात्री पावसाने वीज गेली. समोरच्या इमारतीत होती, आमच्याच मजल्यावर नव्हती. जिन्याखाली मीटरची खोली. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख आणि कुबट वास. आमच्या जुन्या इमारतीत अजून चिनी मातीचे फ्यूज आहेत. मेन स्विच खाली ओढला, फ्यूज उपसला, तार जळून दोन्ही टोकं काळी पडलेली. आता एका हातात फ्यूज, दुसऱ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, तार बोटांच्या बेचक्यात. शेजारच्या काकू माझ्यामागे मोबाईल धरून उभ्या होत्या, पण मोबाईलचा उजेड सगळीकडे सांडतो आणि काकूंचं लक्ष जिकडे जाईल तिकडे तोही जातो. त्यांचं लक्ष पालीकडे होतं. मी बॅटरी दातांत धरली. मान वळेल तिकडे उजेड. तार स्क्रूभोवती गुंडाळली, आवळली, जादा टोक मोडलं. पत्र्याची चव आणि चाव्यांचा जुडगा हनुवटीवर खुळखुळत असलेला. दिवे आले तेव्हा काकू “आले!” म्हणाल्या आणि मी “हं” म्हणालो, तोंडात बॅटरी असताना तेवढंच म्हणता येतं.

त्याच खोलीत दुसरी गोष्ट कळली. या उजेडात लाल आणि तपकिरी वायर मला वेगळ्या ओळखू येईनात. बॅटरी बंद असताना तिच्या काचेत डोकावून पाहा, पिवळा ठिपका दिसेल. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की निळं आणि पिवळं मिळून डोळ्यांना पांढरं वाटतं. तो निळा एलईडी साधायला इतकी वर्षं गेली की अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली त्यासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण स्वस्त एलईडीत लाल रंग हात राखून असतो. रंग किती खरे दिसतात याचा एक आकडा असतो, सीआरआय. शंभर म्हणजे उन्हात दिसतात तसे. स्वस्तातल्या बॅटऱ्या सत्तरच्या घरात, चांगल्या नव्वदच्या वर. भाचीचा घसा बघताना हे फार जाणवतं. तिने आ केला, मी बॅटरी मारली, सगळं निळसर फिकट. लाल झालाय का, सांगता येईना. शेवटी खिडकीपाशी नेऊन बघितलं, लालबुंद होता. पुढची घेईन तेव्हा लुमेन राहू दे, हा आकडा आधी विचारीन.

फजितीही लिहिली आहे. एका लग्नात जेवणाच्या रांगेत उभा होतो. मागचे गृहस्थ हळूच म्हणाले, “अहो, तुमचा खिसा पेटलाय.” चाव्यांनी बटण दाबलं गेलं होतं आणि सुताच्या पांढऱ्या पॅन्टमधून मांडीवर आकाशकंदील लागलेला. मला एवढंच वाटत होतं की हॉल फारच गरम आहे. बटणाला कुलूप असतं, पाच वेळा दाबलं की बंद होतं, हे मला माहितीपत्रकात घरी गेल्यावर सापडलं. त्या पत्रकातली अक्षरं वाचायला बॅटरी लागली.

आणि ती चार्ज करायची भानगड. भोक टाइप-सीचं आहे, म्हणून मोबाईलची नवी, दोन्हीकडून सी असलेली केबल लावली. रात्रभर ठेवली, सकाळी ठार. मला वाटलं गेली. जुनी, चार्जरकडून चपटी आणि टोकाला सी असलेली केबल लावली, लगेच लाल दिवा. कारण असं की दोन्हीकडून सी असली की चार्जर आधी चौकशी करतो, पलीकडे कोण आहे. त्या चौकशीला उत्तर देतात बॅटरीतले दोन बारकेसे ५.१ किलोओहमचे रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारे सुटे भाग. ते घालायचे पैसे कुणीतरी वाचवले की उत्तर येत नाही आणि चार्जर दार उघडत नाही. जुना चपटा चार्जर भोळा. कोणीही येवो, पाच व्होल्ट वाढतोच. आता ती एक केबल वेगळी ठेवावी लागते.

पंचमीला गावी गेलो, चाळीस दिवस तिथेच भरले. आमच्या वडिलांची पितळी बॅटरी दोन सेलची होती. रात्रीच्या पाळीला उसाला दारं धरायला जाताना ती खांद्यावर घोंगड्यासोबत जायची. बांधावरून घराकडे दोनदा झोत फिरवला की आई तवा टाकायची. आपोआप लागून सेल संपू नयेत म्हणून वडील एक सेल उलटा घालून ठेवत, हेच तेव्हाचं कुलूप. सेल मंदावले की पत्र्यावर उन्हात टाकायचे, मग ते आणखी दोन रात्री तग धरत. अगदीच संपले की फोडून आतली काळी पूड आम्ही शाळेचा फळा काळा करायला न्यायचो.

धाकट्या चुलत्यांना, आबांना, मी ती चाव्यांतली बॅटरी दाखवली. त्यांनी ती बोटांच्या चिमटीत धरली, भुईमुगाची शेंग पारखावी तशी.

“ही बॅटरी?”

“व्हय आबा.”

त्यांनी दाबली. अंगणापलीकडचा गोठा उजळला. म्हशीने मान वर केली. आबांनी ओठ पुढे काढून मान हलवली, मग म्हणाले, “उजेड हाय. पर कुत्रं मागं लागलं तर हाणायचं कशानं?”

याला माझ्या डायरीत रकाना नव्हता.

तरी संध्याकाळी त्यांनी ती परत मागितली आणि लाकडाच्या ढिगात सरपण काढताना दातांत धरून बघितली. ढिगात आधी उजेड, मग हात. फुरसं असो वा विंचू, आपल्याकडे हाच क्रम. दुसऱ्या दिवशी निघताना मी ती जुडग्यातून सोडवून त्यांना दिली. त्यांनी सदरा वर करून करदोट्याला, ट्रंकेच्या किल्लीशेजारी बांधली. घाईत कसं लावायचं, कसं बंद करायचं एवढं सांगितलं. पुण्यात येऊन मी तशीच दुसरी मागवली, या खेपेला रंग नीट दाखवणारी, दोनशे रुपये जास्त देऊन. बायको काही बोलली नाही, फक्त दुमडलेलं पान उलगडून ठेवलं.

आठव्या दिवशी आबांचा फोन आला.

“तुझी ती बारकी बॅटरी मंद झाली रं.”

“आबा, तिला वायर लावावी लागते. पाठवतो मी.”

“आसू दे, वायर कशाला? दोन दिस झालं पत्र्यावर टाकलीया. पर श्रावणातलं ऊन, त्याला ताप न्हाय.”