दोन पासबुके

7 एप्रिल 2020 हा मंगळवार होता. रविवार आणि सोमवारची महावीर जयंती अशा लागून आलेल्या दोन सुट्ट्यांनंतर बँक उघडणार होती, त्यामुळे गर्दी होईल हे गृहीतच होते. पण सकाळी साडेनऊ वाजता शाखेसमोर पोहोचले तेव्हा चुन्याने आखलेले चौकोन कधीच भरून गेले होते आणि रांग कडुनिंबाच्या झाडाला वळसा घालून ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत गेली होती. चौकोनांत माणसे थोडी होती आणि चपला, पिशव्या, दगड जास्त होते. पहाटे येऊन आपल्या नावाची वस्तू ठेवायची आणि सावलीत जाऊन दाटीवाटीने बसायचे, असा अंतर राखण्याचा अर्थ आमच्या बायाबापड्यांनी लावला होता.

मी बीड जिल्ह्यातील एका गावच्या बँक शाखेत रोखपाल आहे. टाळेबंदीत बँका अत्यावश्यक सेवेत मोडत असल्याने आम्ही रोज कामावर जात होतो. त्या आठवड्यातली गर्दी जनधनच्या पैशांची होती. जनधन खाते असलेल्या महिलांना एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने दरमहा 500 रुपये मिळतील, अशी घोषणा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 26 मार्चला केली होती. एकाच दिवशी झुंबड उडू नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस वाटून दिले होते: शून्य आणि एकवाल्यांना 3 एप्रिल, दोन आणि तीनला 4 एप्रिल, चार-पाचला 7, सहा-सातला 8 आणि आठ-नऊला 9 एप्रिल, त्यानंतर केव्हाही या. कागदावर ही व्यवस्था नेटकी होती. प्रत्यक्षात रांगेतल्या निम्म्याहून अधिक बायकांना खाते क्रमांक कोणता आणि ग्राहक क्रमांक कोणता हे ठाऊक नव्हते, त्यामुळे आमचे शिपाई मामा फाटकाशी खुर्ची टाकून प्रत्येकीचे पासबुक हातभर अंतरावरून वाचत आणि 'तुमचा आज', 'तुमचा उद्या' असे सांगत बसले होते. ज्यांचा उद्या होता त्या घरी जात नव्हत्या. चार-पाच किलोमीटर उन्हातून पायी आल्यावर कोण माघारी जाईल?

आणि एक अफवा होती. पैसे लगेच काढले नाहीत तर सरकार ते परत घेणार आहे, असे गावोगावी पसरले होते. ते खोटे आहे, पैसे खात्यात सुरक्षित राहतील, असा सरकारचा खुलासा आम्ही मोठ्या अक्षरांत छापून दाराला चिकटवला होता. तो वाचू शकणाऱ्यांचा त्या अफवेवर मुळातच विश्वास नव्हता. मला मात्र या बायकांना अडाणी म्हणणे कधी जमले नाही. खाते उघडताना कुठेतरी अंगठा उमटवलेला असतो, आणि मग त्या काळी दर मे महिन्यात अपघात विम्याचे 12 आणि जीवन विम्याचे 330 रुपये आपोआप वजा होत. विमा चांगलाच आहे, पण तो आपण घेतला आहे हे खातेदाराला माहीत नसेल तर तिला एवढेच दिसते की ठेवलेले पैसे कुणीतरी नेले. खात्यातला पैसा परत जाऊ शकतो, हे त्यांनी स्वतःच्या पासबुकातून शिकलेले होते.

साडेअकराच्या सुमारास एक आजी खिडकीशी आल्या. सत्तरीच्या आसपास वय, तोंडाला पदर घट्ट बांधलेला. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन पासबुके काढली आणि दोन्ही काचेखालून आत सरकवली. एक त्यांचे होते, शेवटचा आकडा पाच. दुसरे सुनेचे, शेवटचा आकडा शून्य. तिचे पाचशे 3 तारखेलाच जमा झाले होते.

"आजी, सुनेचे पैसे तुम्हाला देता येणार नाहीत. तिला यावं लागेल."

"ती कशी यील बाई? ती कोल्हापूरकडं तोडीला हाय."

आमच्या भागात हे वाक्य कुणाला समजावून सांगावे लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे गावातली धडधाकट माणसे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात, नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो, आणि उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की सगळे परततात. त्या वर्षी पट्टा पडण्याआधीच टाळेबंदी लागली. जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या आणि माणसे उसाच्या फडाशेजारी कोपींमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, अडकली. म्हणजे महिलांच्या खात्यांत पैसे आले तेव्हा आमच्या गावांतल्या कितीतरी कमावत्या महिला गावातच नव्हत्या. रांगेत इतक्या म्हाताऱ्या का दिसत होत्या, याचे उत्तर हेच होते.

आजींना मी त्यांचे पाचशे दिले. त्यांनी नोट उजेडाकडे धरून पाहिली, घडी घातली आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. मागून आवाज येऊ लागले. मी थोड्या चढ्या स्वरात म्हणाले, "आजी, झालं तुमचं."

"हे सुनंच्या खात्यात टाक."

आत्ताच तर काढले, मग पुन्हा कशाला भरायचे, असे मी विचारले. त्यावर त्यांनी जे सांगितले ते तुकड्यातुकड्यांत आणि पदराआडून आले. तिकडे ऊस तोडणे चालू आहे, पण आठवड्याचा बाजार बंद आहे, मुकादम खर्ची, म्हणजे रोजच्या खर्चाचे पैसे, देईना, उचल अजून फिटली नाही म्हणतो. कोपीत दोन लेकरे आहेत. परवा फोन आला तेव्हा सून म्हणाली की पीठ दोन दिवसांचे उरले आहे. आजींच्या घरी रेशनचे धान्य होते, शेजारी होते, एक शेळी होती. तेव्हा आपले पाचशे तिच्या पाचशेत घालावेत म्हणजे तिला हजार मिळतील, असा त्यांचा हिशोब होता. ते तिला तिथे कसे मिळतील, याचा विचार त्यांनी केला नव्हता; ते बँकेचे काम आहे, असे त्या धरून चालल्या होत्या. आणि त्यात त्यांचे काय चुकले?

मी सुनेचे खाते उघडून पाहिले. आधार जोडलेले होते. म्हणजे कोल्हापुरात कुठल्याही बँक मित्राकडे (बँकेच्या वतीने गावात पैसे देणारा प्रतिनिधी), बँक वेगळी असली तरी, आधार क्रमांक सांगून आणि अंगठा लावून तिला पैसे काढता आले असते. पण हे तिला कुणीतरी सांगायला हवे होते. पासबुकाच्या आवरणात एक चिठ्ठी होती, तिच्यावर मुकादमाचा नंबर. रांगेत दीडशे माणसे उभी असताना रोखपालाने खिडकीतून फोन लावत बसणे शिस्तीत बसत नाही. मी लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला, मुकादमाने कुरकुरत कुणाला तरी हाक मारली, आणि बऱ्याच वेळाने सून फोनवर आली. कारखान्याच्या गावात बँक मित्र आहे का, आधार कार्ड जवळ आहे का, नसले तर नंबर पाठ आहे का, हे मी विचारत असतानाच एका हाताने भरणा पावती लिहिली, आजींचा अंगठा घेतला, नोंद केली. फोन ठेवून पावतीवर शिक्का मारला. मागची बाई पुढे सरकली.

दुपारी दोनला व्यवहार थांबले. शेवटच्या अर्ध्या तासात एक काळी-पिवळीवाला आला होता. त्याच्या जीपवर आमचेच कर्ज. "हप्ते माफ झाले म्हणतात, खरं का?" असे त्याने विचारले. रिझर्व्ह बँकेने 27 मार्चला 1 मार्च ते 31 मे या काळातल्या हप्त्यांना सवलत दिली होती, आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून ती लोकांपर्यंत माफी म्हणूनच पोहोचली होती. माफ नाही, पुढे ढकलले आहेत आणि व्याज चालूच राहणार, हे मी त्याला त्याच्या आकड्यात सांगितले: लाखभर बाकी, बारा टक्के दर, म्हणजे महिन्याला हजार रुपये व्याज, तीन महिने थांबलास तर तीन हजार आणि वर व्याजावरचे व्याज मुद्दलात चढेल. तो हसला. "मॅडम, गाडी दारात उभी हाय. थांबू का, असं मला कोण विचारतंय?" पुढे ही सवलत ऑगस्टअखेरपर्यंत वाढली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सहा महिन्यांचे चक्रवाढ व सरळ व्याज यांतला फरक सरकारने नोव्हेंबरमध्ये कर्जदारांच्या खात्यांत जमा केला. त्याच्या बाकीवर तो दीडशे रुपयांच्या आसपास भरला. माझ्या स्वतःच्या घरात याच काळात नवऱ्याचा पगार निम्म्यावर आला होता आणि घराचा हप्ता थांबवायचा की नाही यावर रोज रात्री बोलणे होई. मला गणित येत होते म्हणून आम्ही हप्ता थांबवला नाही, त्याऐवजी त्याच्या भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली. ती सोयही सरकारने नुकतीच दिली होती. काळी-पिवळीवाल्याला असा निधी नव्हता.

संध्याकाळी रोख जुळवायला बसले तेव्हा पाचशे रुपये कमी आले.

ज्याने कधी रोख सांभाळली नाही त्याला यातली धडकी कळणार नाही. रक्कम किती यापेक्षा तूट आली हे महत्त्वाचे असते, आणि तूट रोखपालाने स्वतःच्या खिशातून भरायची असते. मी बंडले पुन्हा मोजली, यंत्रावर आणि हातानेही. पैसे काढल्याच्या पावत्या आणि नोंदी एकेक करून ताडून पाहिल्या, दराज पूर्ण बाहेर काढून मागची फट पाहिली, कचऱ्याची टोपली उपडी केली. दिवसभर नव्या कोऱ्या पाचशेच्या नोटा एकेक करून दिल्या होत्या. सॅनिटायझरने ओलसर झालेल्या बोटांना दोन नोटा चिकटून गेल्या असतील, असे साहेब म्हणाले, आणि तसे होऊही शकते.

पण माझे मन साडेअकराच्या त्या व्यवहाराकडे जात होते. आजींचे पाचशे मी दिले, हे नक्की. सुनेच्या खात्यात पाचशे भरल्याची नोंद केली, हेही नक्की. मधल्या वेळात माझ्या कानाला फोन होता. आधी रोख हातात घ्यायची, मोजायची आणि मगच नोंद करायची, हा आमच्या कामातला पहिला धडा. आणि मी काचेखालून नोट आत घेतली का, हे मला काही केल्या आठवत नव्हते. घडी घातलेली नोट आजींच्या मुठीत दिसते, पावतीवरचा निळा अंगठा दिसतो, मधले काहीच दिसत नाही. कदाचित ती नोट त्यांच्याच कनवटीला राहिली असेल. त्यांनी 'टाक' म्हटले, मी शिक्का मारला, त्यांच्या लेखी काम झाले. किंवा नोट मी घेतलीही असेल आणि दुसऱ्याच कुणा बाईला त्या दिवशी हजार मिळाले असतील.

साहेब म्हणाले, पत्ता आहे, मामांना पाठवून विचारून घ्या. मी नको म्हणाले. विचारायचे म्हणजे संशय घ्यायचा, आणि ते खरे निघाले तर नोट परत आणायची. दोन्हींपैकी काहीही मला त्या संध्याकाळी झेपले नसते. मी पर्समधून पाचशे काढून भरले. हे औदार्य नव्हते. चूक माझ्या हातून झाली असण्याचा संभव अधिक होता आणि माझा पगार पूर्ण येत होता.

17 एप्रिलला राज्य सरकारने ऊसतोड कामगारांना गावी परतण्याची परवानगी दिली. तपासण्या आणि गावाबाहेरचे विलगीकरण आटोपून माणसे घरी येईपर्यंत मे उजाडला. मेच्या मध्यात आजी पुन्हा आल्या, या वेळी सुनेला घेऊन. ती उन्हाने रापलेली, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे अजून दिसत होते. तिला मी आवाजावरून ओळखले. पैसे मिळाले होते का, असे विचारले.

"मिळाले ना. अंगठा लावला. पर त्यानं पन्नास कापले."

असे पैसे कापता येत नाहीत, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "तवा पीठ पाह्यजे होतं." पासबुक छापून दिले तेव्हा आजींनी नोंदी वाचून दाखवायला सांगितल्या. सरकारचे पाचशे, आजींचे पाचशे, मग काढलेले हजार, आणि शेवटी मेचे नवे पाचशे. दुसऱ्या ओळीला आजींनी मान हलवली. मी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. नोटेबद्दल त्याही काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

मग मी मेचे पाचशे किती काढायचे ते विचारले. सून म्हणाली, दोनशे द्या, बाकीचे राहू द्या, पाऊस पडला की बियाण्याला लागतील. एप्रिलभर प्रत्येक बाईला सांगितले होते तेच ती आता मला ऐकवत होती: बँकेत ठेवले म्हणजे कुठे जात नाहीत. मी तिच्या खात्याची पुढची पाने उघडली. दोन्ही विम्यांना संमती दिलेली होती आणि महिनाअखेरीला 342 रुपये वजा व्हायचे होते. विमा बंद कर असे मी तिला म्हणू शकत नव्हते. ती फडात कोयता चालवणारी बाई, तिलाच त्याची खरी गरज होती. पण त्या महिन्यात तिच्या घरात दुसरा पैसा नव्हता. मी तिला विमा काय आहे, तो चालू ठेवला तर काय मिळते आणि किती कापले जाते, ते सगळे नीट सांगितले. तिने सासूकडे पाहिले.

"म्हंजी ठिवले तर जात्यात," आजी म्हणाल्या.

मी पैसे काढायची पावती पुढे घेतली आणि रकमेच्या जागी पाचशे लिहिले.