वेदीच्या कापडावरचं मेण
चर्चमधल्या वेदीच्या कापडावर मेण सांडलं की चोळू नका, धाग्यात आणखी मुरतं. गार होऊ द्या, बर्फ फिरवा, बोथट चमच्याने खरवडा. मग खाली-वर टिपकागद ठेवून मंद इस्त्री. कागद तेलकट झाला की बदला. वर्तमानपत्र नकोच, शाई उतरते. आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांतल्या, जांभळ्या मेणबत्तीचा तर वैतागच: इस्त्रीच्या उष्णतेने रंग पक्का बसू शकतो, म्हणून आधी जमेल तितकं खरवडून काढा.

या कामाला कोणी टाळ्या वाजवत नाही. पण बायबलमधल्या ८४व्या स्तोत्राचा कर्ता देवाच्या घराचा उंबरठाच पसंत करतो! कागद बदलता बदलता ते म्हणावं. बाराच तर ओव्या आहेत.

पितळी स्टँडवरचं मेण गरम पाण्याने सोडवा, सुरीने ओरखडे पडतात. ते पाणी मोरीत ओतू नका, पाइपात मेण गोठतं.