बाळाला केसांची गोळी

खानापूरकडच्या एका गावातून ते बाळ बेळगावला आमच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आलं, तेव्हा चिठ्ठीवर 'न्यूमोनिया?' असं होतं. श्वास धापा टाकल्यासारखा, पण छाती स्वच्छ, एक्स-रेतही काही नाही. "अंगावर घेईना झालंय, नुसतं झोपून असतंय," आजी म्हणाली. मानेच्या आणि जांघेच्या वळ्यांत कातडी लालभडक, सोलवटलेली. नात्यात लग्न झालंय का? "व्हय की, मामाच्यातच दिलीया." हे उत्तर इकडे नेहमीचंच. आधीचं मूलही असंच गेलेलं.

रक्तात आम्ल, लघवीत कीटोन, अमोनिया चढलेला. आम्लामुळेच ती धाप. दूध थांबवून ग्लुकोज लावलं, लघवीचा नमुना फिल्टर पेपरवर बेंगळूरला धाडला. रिपोर्टची वाट बघत बसायला मात्र मी तयार नव्हतो. अशा बाळाला बायोटिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, देऊन बघण्यात काही जात नाही, उशीर केला तर मेंदू जातो. दहा मिलिग्रॅमची गोळी केसगळतीसाठी कुठंही मिळते. मेडिकलवाल्यानं बापाला विचारलं, केस कुणाचे गळतात? बाळासाठी आहे म्हटल्यावर त्यानं थेट मला फोन लावला. बरंच केलं, असं विचारणारे हवेतच.

गोळी कुटून पाण्यातून नळीनं दिली. दुसऱ्या दिवशी धाप उतरली, मग बाळ डोळे उघडून रडायला लागलं.

लघवीत ३-हायड्रॉक्सीआयसोव्हॅलेरिक आम्ल आणि मिथाइलसिट्रेट निघालं, म्हणजे बायोटिनवर चालणारी एन्झाइमं बंद पडल्याची खूण. बायोटिन पुन्हा वापरात आणणारं एन्झाइम, बायोटिनिडेज, नॉर्मल. म्हणजे संशय होलोकार्बोक्सिलेज सिंथेटेजवर. जीन तपासणीत तेच ठरलं. हे लायगेज जातीचं, म्हणजे जोडणी करणारं एन्झाइम शरीरातल्या पाच कार्बोक्सिलेज एन्झाइमांना बायोटिन जोडून देतं. जोडणी झाली नाही तर पाचही निकामी. या बाळाच्या एन्झाइमची बायोटिनवरची पकड ढिली होती, म्हणून भरपूर बायोटिन पुरवलं की काम चालतं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं, याला त्याच्या तीनशेपट, तेही जन्मभर.

"मग हिच्या दुधातच कायतरी कमी असंल," आजीनं सुनेकडं बघत म्हटलं. मी तिथंच थांबवलं. दुधाचा काही संबंध नाही, सदोष जीन आई-बाप दोघांकडून येतो, तुमच्या लेकाकडूनही. आजी गप्प झाली. सून पहिल्यांदाच बोलली, "पुढच्या खेपेला?"

"चारांत एकाला होऊ शकतं. दिवस गेले की लगेच या, बाळंतपणाची वाट बघू नका."