मखराच्या चक्रापासून सिरिंज पंपापर्यंत : आमची वाटचाल

मोटरचं काम करतो म्हटलं की समोरचा विचारणारच, किती एचपीची, विहिरीवरची का? मग खिशातून एन-२० नावाची इवलीशी मोटर काढून दाखवायची. १२ बाय १० मिलिमीटर, शाफ्ट ३ मिलिमीटरचा, मागे मोटर पुढे गिअरबॉक्स. भोसरीतल्या आमच्या गाळ्यात ह्याच्याहून मोठी मोटर म्हणजे फक्त लेथची.

सुरुवात गणपतीच्या मखरांनी झाली. मूर्तीमागे चक्र फिरतं ना, त्याला २३० व्होल्टची सिंक्रोनस मोटर असते, मायक्रोवेव्हच्या ताटाखाली असते तसलीच, मिनिटाला ४-५ फेरे. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, माल आणायचा, ब्रॅकेट आणि चक्र आपलं. ह्या मोटरची एक खोड आहे, चालू केली की कुठल्या दिशेला फिरेल ते तिचं तीच ठरवते, त्यामुळे ऐन चतुर्थीला सकाळी फोन की अहो आमचं सुदर्शन उलटं फिरतंय. आत प्लास्टिकची छोटी अडवणारी जिभली असलेली मोटर घेतली की प्रश्न मिटतो, उलटी निघाली तर जिभलीला आपटून सुलटी होते. चार रुपये जास्त जातात पण फोन येत नाहीत.

पण हा धंदा दोन महिन्यांचा, बाकी वर्षभर काय करायचं? तेव्हा छोट्या रेल्वेवाले आले. कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेसमोर लहानपणी तासन्‌तास उभी राहिलेली पोरं आता नोकरदार झालीत आणि घरी एचओ स्केलची, म्हणजे १:८७ ची इंजिनं बाळगतात. जुनी मोटर गेली की तेवढ्याच जागेत नवी कोरलेस, म्हणजे आत लोखंडी गाभा नसलेली मोटर, बसवून द्यायची. ह्यात आम्ही खरे शिकलो. पिनियन, म्हणजे छोटा गिअर, शाफ्टवर प्रेस करताना शाफ्टला मागच्या टोकाला आधार द्यावाच लागतो, नाहीतर सगळा दाब आत जातो, मागचं झाकण सरकतं, आत वीज पोचवणारे ब्रश वाकतात, आणि मोटर बाहेरून अगदी नवी दिसते पण मेलेली असते. सोल्डरिंगलाही दोन-तीन सेकंदांच्या वर टोक टेकवायचं नाही, प्लास्टिक मऊ पडतं. हे काम आमच्याकडे ज्या ताई करतात त्यांच्या हाताला तोड नाही, ४४ गेजची तार, ०.०८ मिलिमीटरची, भिंगाखाली न तोडता जोडतात.

लोक म्हणतात मोटर स्वतःच का बनवत नाही. चीनच्या भावात आपल्याला नुसतं तांबं आणि मॅग्नेटसुद्धा पडत नाही हो! शिवाय मोटर लहान केली की टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, नुसता त्या मापात कमी होत नाही, धाडकन पडतो, म्हणून ती हजारो आरपीएमने पळवायची आणि गिअरने खाली आणायची. म्हणजे खरी कमाई गिअरबॉक्समध्ये, आणि तो आम्ही बनवतो.

त्यावरच सिरिंज पंपाचं काम मिळालं. २० मिलिमीटर चौकोनी स्टेपर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर, फेऱ्याला २०० स्टेप, पुढे दट्ट्या सरकवणारा लीडस्क्रू, औषध थेंबाथेंबाने ढकलायचं. इथे स्पीडला कोण विचारत नाही, गिअरमधली ढिलाई विचारतात. एका गिऱ्हाइकाने सॅम्पल पास करून पेमेंट मात्र सहा महिने लटकवलं, तेव्हापासून बिलावर लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत देण्याचा एमएसएमईचा नियम ठळक छापतो, थोडा फरक पडतो.

सध्या पंपाच्या आवाजावर डोकं लावतोय, कारण पेशंटच्या उशाशी तो रात्रभर चालणार. पितळी गिअरच्या जागी पहिली जोडी पीओएम ह्या कडक प्लास्टिकची टाकली तर किरकिर बरीच कमी झाली. पण शेजारच्या गाळ्यात प्रेस चालू असते, त्यामुळे आवाजाचं टेस्टिंग त्यांची शिफ्ट सुटल्यावरच.